त्याची हाक, माझा अंगठा

२ नोव्हें., रविवार

पाच सेट, तीन हरलो, तिन्ही माझ्यामुळे. तुषारचा पैलवान आत एकटा मार खातोय आणि माझी म्हातारी काठी टेकून बाहेर उभी. जाऊ का, नको, आता जाऊ का. दीड वर्ष झालं गेमिंग कॅफेत व्हिडिओ गेम जोडीने खेळून. पडद्यावर एक, बाहेर एक. आतला थकला की बाहेरच्याने बटण दाबून शिरायचं, आतला बाहेर. वेळेवर शिरलं तर दोघं वाचतात, भलत्या वेळी शिरलं तर दोघंही एकदम सापडतात आणि डाव संपतो. आईला हे दोन मिनिटांत कळलं. माझ्या अंगठ्याला अजून नाही.

तुषार म्हणाला, गुरुजी, तुम्ही मुहूर्त काढत बसता. बाबा रामकुंडावर पूजा सांगतात म्हणून मी गुरुजी. कॅफेत आता सगळेच म्हणायला लागलेत. आगाऊ.

२४ जानेवारीला पुण्यात जोड्यांची स्पर्धा. तुषारने आमचं नाव दिलं आज. पहिल्या दोन जोड्या बंगळुरूला. मला जायचंय. लिहूनच ठेवते, मला फार जायचंय. दिवसभर इन्शुरन्सच्या क्लेमच्या फायली, संध्याकाळी आईचे 'स्थळ' या विषयावरचे निरोप. सत्ताविसाव्या वर्षी मला एकच गोष्ट बरी जमते, आणि तीही एकटीने जमत नाही.

५ नोव्हें., बुध.

रविवारी त्या नाशिकरोडच्या दोघांनी आम्हाला का धुतलं ते आज कळलं. कॅफेत चारही खुर्च्या चिकटून असतात. तुषार 'ये' ओरडला की मी शिरायच्या आधी ते तयार. आपणच वर्दी देतोय शहाण्यासारखे.

उपाय तुषारचा. तो सटाण्याचा, घरी अहिराणीच. 'आठे' म्हणजे इथे, आत ये. 'तठे' म्हणजे तू तिकडेच बरी. 'ऱ्हाय' म्हणजे थांब, मार खात राहा. नाशिकमा कोनले समजस, म्हणाला आणि स्वतःच हसला. मग त्याच्या आईला फोन लावून माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी 'आठे' म्हटल्यावर काकूंना इतकं हसू आलं की त्यांनी फोन ठेवून दिला. माझं अहिराणी म्हणे बातम्या देणाऱ्या बाईसारखं आहे.

तीन शब्द. पाठ झाले.

९ नोव्हें., रवि.

प्रॅक्टिस २ तास, एकही मॅच नाही. तुषारचं म्हणणं, मी शब्द ऐकते, त्याचा अर्थ लावते, मग विचार करते, मग दाबते. मधलं सगळं काढून टाकायचं. कान ते अंगठा, थेट.

डोळे मिटून बसवलं मला. तो अंबडच्या कंपनीतल्या साहेबाबद्दल, मावशीच्या गुडघ्याबद्दल, कुंभासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांबद्दल अखंड बडबडतोय आणि मध्येच, त्याच आवाजात, 'आठे'. मी दाबायचं. चुकलं की पहिल्यापासून. शेवटी शेवटी मी ऐकतच नव्हते. अंगठा आपला आपण जात होता.

नंतर मिसळ. पाव पुढे करताना हा पठ्ठ्या म्हणतो 'आठे', आणि टेबलावर माझा अंगठा दाबला गेला. शेजारचे काका बघत राहिले, मुलीला झटका आला की काय. पोट दुखेपर्यंत हसलो. रस्सा सांडला माझ्या कुर्त्यावर.

१६ नोव्हें., रवि.

पेटी आली, गेम खेळायची बटणांची पेटी! बाजारातल्या पेट्यांवर माझी बोटं ताणून ताणून दुखतात, म्हणून दिवाळीत घरी जाताना माझ्या पंजाचं माप कागदावर काढून नेलं होतं त्याने. सटाण्याच्या सुताराकडून सागवानात करून घेतली, बटणं स्वतः बसवली. आत यायचं बटण लाल, बरोब्बर अंगठ्याखाली. बाबांना वाटलं हार्मोनियम आणली. भाता कुठाय, म्हणाले.

असं मापाने मला कुणी काही केलेलं नाही. ब्लाऊजसुद्धा शिंपी अंदाजाने शिवतो.

२३ नोव्हें., रवि.

ओजसच्या जोडीला हरवलं. ऑनलाइन का होईना, तीन-दोन. पुण्याचा ओजस म्हणजे लोक त्याच्याशी खेळायचं सोडून त्याला बघत बसतात. शेवटच्या डावात 'आठे' आलं आणि मी आत. कधी दाबलं ते मला नंतर कळलं.

जिंकल्यावर तुषारच्या पैलवानाने नेहमीच्या दोन उठाबशा काढल्या. ही त्याची जुनी खोड, समोरच्याला वाटतं चिडवतोय. एरवी मी ओरडते. आज मीच म्हटलं, अजून दोन काढ.

ओजसचा मेसेज आला, भारी खेळलात. तुषारला आला. मला त्याने वाचून दाखवला.

३० नोव्हें., रवि.

तुषार नाही. महिनाभर सेकंड शिफ्ट लागली म्हणे. मंगळवार, गुरुवारही गेले. घरी पेटीवर एकटीने तासभर. कुणी हाक मारणारं नसलं की नुसतं बटणं खाजवल्यासारखं वाटतं. मोबाइलवर त्याचाच आवाज रेकॉर्ड करून घेतलाय, पंचवीस वेळा आठे, मध्ये मध्ये गप्पा. तो लावते. आईने दारातून बघितलं आणि गेली.

४ डिसें., गुरु.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत.

ग्रुपवर वाचलं की ओजसचा जोडीदार नोकरीसाठी परदेशी गेला. म्हटलं, बघू तरी आता कुणाबरोबर खेळतोय. गेममध्ये सगळ्यांच्या मॅचेस उघड्या असतात, कुणीही बघावं. नवाच खेळाडू, नाव कधी न ऐकलेलं. पैलवान घेऊन. मला बरं वाटलं, आणखी कुणीतरी पैलवान खेळतंय. तिसऱ्या मॅचला तो जिंकला आणि पैलवानाने दोन उठाबशा काढल्या.

डबा तसाच आहे. एकेचाळीस मॅचेस आहेत. गेम वार आणि वेळ दाखवते. मंगळवार संध्या. सात. गुरुवार सात. रविवार दुपार. ही ती सेकंड शिफ्ट.

७ डिसें., रवि.

शरणपूर रोडच्या टपरीवर बोलावलं. आला. चहा सांगितला त्याने, माझ्यासाठी कमी साखरेचा, जसं काही झालंच नाही. मी फोन पुढे ठेवला, उठाबशांवर थांबवलेला.

बघितलं. म्हणाला, "सांगणारच होतो."

कधी, विचारलं. मग हळूहळू एकेक निघालं. ओजसने त्याच रात्री विचारलं होतं, आपण जिंकलो त्या रात्री. आणि पुण्याच्या यादीतलं आमचं नाव याने १ तारखेलाच काढलंय. तिथे आता ओजस आणि तुषार. म्हणजे मी रोज तासभर याच्या रेकॉर्डिंगवर अंगठा झिजवत होते तेव्हा मी यादीतच नव्हते. एक मेसेज नाही. एक ओळ नाही.

कारण विचारलं. नसतं विचारलं तर बरं.

"तू हाक मारल्याशिवाय हलत नाहीस, मृणाल. मला खेळायचंही असतं आणि तुला सांगायचंही असतं. ओजसला सांगावं लागत नाही."

हाकेवर हलायला शिकवलं कुणी मला? डोळे मिटून कुणी बसवलं? हे मी बोलले की नुसतं मनात म्हटलं, आठवत नाही. बोलले असेन, कारण टपरीवाला बघत होता. तुषार म्हणाला, फक्त हे एकदा, पुण्यानंतर परत आपणच. जणू मी कुठे जाणारच नाही, स्टँडवर ठेवलेली बॅग.

मृणाल म्हणाला. दीड वर्षात पहिल्यांदा नावाने.

१० डिसें., बुध.

आईला वाटतं प्रेमभंग. दोन दिवस आवडीचं करून वाढतेय, स्थळाचा विषय बंद. तिला कसं सांगू की तसलं काही नव्हतं. असतं तर सोपं झालं असतं. नवरा पळाला असता तर चार बायका येऊन बसल्या असत्या, त्याला शिव्या घातल्या असत्या. इथे काय सांगू, माझ्या बाजूच्या खुर्चीतला माणूस उठून दुसऱ्या खुर्चीत बसला? लोक म्हणतील, मग?

राग आहे. ढीगभर. आणि लाज, तिची मला जास्त चीड. काकूंचा फोन आला होता, त्यांना काहीच माहीत नाही, गुरुजी सटाण्याले कधी येशी म्हणून विचारत होत्या. येते म्हटलं.

पेटी माळ्यावर टाकली. तासाभराने खाली काढली. दुसरी कुठली हाताला बसत नाही, हीच तर पंचाईत.

१४ डिसें., रवि.

ग्रुपवर टाकलं होतं, पुण्यासाठी जोडीदार हवा. एकच उत्तर. गावित सर, पेठचे, तिथेच शाळेत गणित शिकवतात. वय अडतीसच्या आसपास. शनिवारी दुपारच्या यष्टीने येतात, मुक्काम पंचवटीत बहिणीकडे. गेम शिकले कोविडमध्ये, घरात बसून. त्यांचं पात्र म्हणजे ते जाडं कासव, जे कुणीच घेत नाही. मारत नाही, नुसतं अडवतं.

मी त्यांना आमची पद्धत सांगितली. शब्द दुसरे ठेवू म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मी खेळताना बोलत नाय. तुम्ही बघा आणि या."

काय बघू?

"कासवाचे पाय."

एक मॅच जिंकलो नाही. मी हाकेची वाट बघत बसते, सर बोलत नाहीत, कासव मरतं. आठ वेळा मेलं. सरांनी आठही वेळा 'परत' एवढंच म्हटलं. नाव दिलं तरीही. शेवटची तारीख जवळ आलीये आणि मी हट्टाला पेटलेय.

२१ डिसें., रवि.

आज माझाच तोल गेला. सर, एक शब्द बोललात तर काय जीभ झिजेल, असं म्हणाले. शिक्षकाला! बाबांनी ऐकलं असतं तर.

ते रागावले नाहीत. चहा पिताना त्यांनी आवणीचं सांगितलं. भाताची रोपं लावताना दहा-बारा जणं एका रांगेत, सगळी वाकलेली, सगळी मागे मागे सरकणार. कुणी मागे राहिलं की रांग मोडते. तिथे एकमेकांना हाका मारत नाही कुणी, कंबर मोडलेली असते, बोलायला दम कुठाय. शेजारणीचा हात दिसतो डोळ्याच्या कडेला, त्यावरून कळतं. लहानपणी त्यांना वाटायचं सगळे आपोआप सरकतात. मग आई म्हणाली, आपोआप काय नाय होत, बघावं लागतं.

मी विचारलं, आणि चुकलं तर? "तर पायावर पाय पडतो," म्हणाले.

घरी येऊन तुषारचं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. मग मूर्खासारखी रडले थोडी.

२८ डिसें., रवि.

झालं! एकदा झालं. कासव माघार घेताना डावा पाय आधी मागे टाकतं, तीच वेळ. मी बघितलं आणि गेले. कुणी बोललं नव्हतं. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, वर्गात कुणाचं उत्तर बरोबर आलं की हलवत असतील तशी.

नंतर परत सहा वेळा चुकलं. पण एकदा झालं.

१४ जाने., बुध.

संक्रांत. सकाळी तुषारचा मेसेज. नाचणारे तिळाचे लाडू आणि खाली तिळगूळ घ्या गोड बोला. सगळ्यांना ढकललेला, वर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं. महिनाभरात माझ्याशी बोलायला याला हे सुचलं. डोक्यात गेला. 'तुझ्या कासवाच्या नानाची टांग' असं लिहिलं, मग आठवलं कासव आमचं आहे. खोडलं. काहीच पाठवलं नाही.

संध्याकाळी बाबांकडून कळलं. चार पिढ्या आमच्याकडे येणारं एक कुटुंब आज कुंडावर दुसऱ्या गुरुजींकडे बसलं. त्यांनी फोनवरून आधीच ठरवलं होतं म्हणे. बाबा पाच पावलांवर उभे, त्या लोकांनी नजर चुकवली. आई म्हणाली, खोडून टाका वहीतून. बाबांच्या वहीत त्यांच्या खापरपणजोबापासूनची नावं आहेत. बाबा म्हणाले, नावं खोडायची पद्धत नाही, पुढची ओळ रिकामी ठेवायची.

मला वाटलं होतं बाबांना माझं काही कळत नाही. ताटात दोन लाडू जास्त वाढून गेले.

१८ जाने., रवि.

शेवटची प्रॅक्टिस. दहातले सात जिंकलो. मी दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा बघून जाते. सर म्हणाले, आता बरं हाय.

निघताना त्यांनी एकच विचारलं. तुमचा जुना जोडीदार समोर आला आणि बोलला तर? मी हसले. त्यांच्या दोन मॅचेस मी आवाजासकट ऐकल्यात, ओजसचे इशारे आकड्यांत असतात. तुषारही तेच ओरडतो, एक, दोन, तीन. ओजसला अहिराणीचा ओ की ठो येत नाही. ते शब्द आता कुणाच्या कामाचे नाहीत.

सर बरं म्हणाले. मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते.

२५ जाने., रवि.

काल. क्रमाने लिहिते, नाहीतर मी काहीतरी भलतंच लक्षात ठेवेन.

तीन मॅचेस जिंकलो. कासव बघून लोक हसत होते, तिसऱ्यानंतर हसेनात. उपांत्य फेरी, समोर ओजस आणि तुषार. जिंकेल तो बंगळुरूला.

चार खुर्च्या ओळीने. सर, मी, तुषार, ओजस. म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताला. दीड वर्ष मी त्याच्या डाव्या हातालाच बसत आलेय. बसताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं आणि दोघांनीही काढून घेतलं. त्याने माझी पेटी बघितली.

दोन-दोन. शेवटचा डाव. सरांचं कासव आत, माझी म्हातारी बाहेर, पूर्ण ताकदीची. समोर पैलवान, जीव अगदी थोडा उरलेला, आणि अंगावर येतोय. मला दिसत होतं सगळं. कासवाचे दोन्ही पाय रोवलेले. म्हणजे जायचं नाही, सर अडवणार. मी जाणार नव्हते. हे खरंय, मी जाणार नव्हते.

उजव्या कानात आवाज आला. "आठे."

अंगठा गेला.

मी बघत होते तो जाताना. लाल बटण खाली गेलं, म्हातारी उडी मारून मध्ये आली, कासव वळलं, आणि पैलवानाने दोघांनाही एकदम उचललं. संपलं. मागे लोक ओरडत होते. मी अंगठा दुसऱ्या हातात धरून बसले होते, पोळल्यासारखा.

ओजसने हात मिळवला, छान खेळलात म्हणाला. मला म्हणाला या वेळी. तुषार उभा राहिला, गुरुजी म्हणाला. तोंड पांढरं. मी सरांना उठवलं आणि बाहेर आले.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी. मी माफी मागितली, तीनदा. त्यांनी डब्यातली नागलीची भाकरी अर्धी मोडून दिली.

२७ जाने., मंगळ.

ऑफिसात, सरांना, सगळ्यांना ताप म्हणून सांगितलंय. खोटं नाही फार.

मला शिकवलं त्याने, पेटी केली त्याने, बटण बसवलं त्याने, आणि शेवटी तेच बटण दाबून मला संपवलं. नाव काढलं ते परवडलं. ते पाठीमागे केलेलं होतं. हे त्याने शेजारी बसून केलं. मिसळीच्या टेबलावरचं हसणं, काकूंचं हसणं, सगळं वापरलं. मी त्याला माझ्यात जायची वाट दाखवली होती आणि त्याने चोरासारखी ती वापरली. थू.

संध्याकाळी सरांचा फोन. शाळा सुटल्यावर, मागे पोरांचा गोंगाट. ताप कसा हाय वगैरे. मग म्हणाले, ताई, एक विचारू? तो बोलला तो कोणाला?

मला म्हटलं, अजून कुणाला. मुद्दाम, मला फसवायला.

"असेल," सर म्हणाले. "पण जीव थोडा राहिला होता त्याचा. माणूस घाबरला की जुन्याच माणसाला हाक मारतो. मला नाय कळत. तुम्ही बघा."

फोन ठेवला आणि अजून तिथेच बसलेय.

१ फेब्रु., रवि.

त्या मॅचचं रेकॉर्डिंग आयोजकांनी टाकलंय. किती वेळा बघितलं ते मोजायचं सोडून दिलं.

पूर्ण मॅचभर तुषार आकडेच ओरडतो. एकदाच 'आठे'. ओजस त्या वेळी हलत नाही, त्याला काही कळलेलंच नाही. इथपर्यंत सरळ आहे, मला फसवलं.

पण 'आठे' आणि पैलवानाने उचलणं यांच्यात एक फट आहे. अगदी बारीक. ठरवून केलं असतं तर तो आधीच तयार असता, मी येताच उचललं असतं. तो थांबला. का थांबला? मी खरंच आले म्हणून दचकला? की नेम धरत होता? एकदा बघितलं की वाटतं दचकला. पुन्हा बघितलं की वाटतं, नेम.

आणि जिंकल्यावर पैलवान नुसता उभा आहे. उठाबशा नाहीत.

मला कळायला हवं. बंगळुरू गेलं ते गेलं. पण तो माणूस मुळापासून खोटा होता की नाही, हे मला कळायला हवं. नाहीतर मी पुन्हा कुणाच्या शेजारी कशी बसू? सरांच्या शेजारीसुद्धा?

५ फेब्रु., गुरु.

फोन केला. मीच. एकच प्रश्न विचारला, कुणाला म्हणालास?

मग म्हणाला, तोंडातून निघालं. मी म्हटलं, निघालं तर निघालं, मग उचललंस का? मी आत आलेली दिसत होते ना तुला?

"दिसत होतीस," म्हणाला. "तेच सांगायचंय. फोनवर नाही जमणार मले."

मी फोन ठेवला. मले म्हणाला. घाबरला की त्याची भाषा जाते. की मला तसं वाटावं म्हणून? बघ, आता मी याच्या एकेका शब्दाला उलटसुलट करून बघतेय. हे करून ठेवलंय त्याने माझं.

८ फेब्रु., रवि.

सकाळी सर आणि मी कॅफेत, दोन तास. मार्चमध्ये मुंबईला काहीतरी आहे, सर म्हणाले परीक्षा संपल्या तर येऊ. मी आज बरी खेळले. सर यष्टीला गेले, मी घरी.

आत्ता चार वाजता मेसेज आला. तुषारचा. बंगळुरूला परवा निघायचंय त्याला.

'कॅफेत बसलोय. तुझी खुर्ची रिकामी आहे. आठे.'

वाचताच अंगठा स्क्रीनवर गेला. 'हो' टाइप झालंसुद्धा, पाठवायचं तेवढं बाकी. पुन्हा तेच, कान ते अंगठा, आता तर आवाजही लागला नाही.

उचलला. मेसेज तसाच आहे, अर्धा. कॅफे घरापासून पंधरा मिनिटं. खरं तिथे बसलेलं असेल, त्या खुर्चीत, किंवा आणखी एक फसवणूक बसलेली असेल. हाक मारली म्हणून जायचं नाही. जायचंच असेल तर बघून जायचं.

बघतेय. साडेचार झाले, तो अजून ऑनलाइन आहे.